एकतीस जाकिटं क्लाउडवर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दिवाळी झाली. रोजनिशी खरं म्हणजे जानेवारीत सुरू करतात, पण निर्णय आजच झाला म्हणून वही आजच काढली. जाड स्केचपेनने लिहितो आहे. हल्ली वहीच्या रेघा फार फिक्या छापतात.

परवेझ म्हणाला, "अब्बा, आता बास. राजूरच्या पेठेत आपलं शटर मोक्याचं आहे. मोबाईलवाला मागतोय, देऊन टाकू." मी सांगितलं, नबीलाल टेलर्स सेहेचाळीस वर्षांचं दुकान आहे. तो म्हणाला, त्यातली शेवटची चार वर्षं तुम्ही आणि अम्मी तिथं बसून नुसता चहा पिता. हे खरं नाही. मुमताज चहा पीत नाही.

तेवढ्यात रामहरी आला. ग्रामसेवक आहे. त्याच्या १९८५ च्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर २८ डिसेंबरला शाळेच्या पटांगणात आहे. एकतीस पुरुष, सगळ्यांना एकसारखी जाकिटं. म्हणाला, "चाचा, आमच्या खाकी चड्ड्या तुमीच शिवल्या. जाकिटं बी तुमीच शिवायची."

परवेझला त्याच्यासमोर नाही म्हणता आलं नाही. रामहरी गेल्यावर अट घातली. जाकिटं वेळेवर झाली आणि एकही परत आलं नाही, तर दुकान राहील. एक जरी परत आलं, तर शटर मोबाईलवाल्याला.

लगेच कबूल केलं. सेहेचाळीस वर्षांत माझ्याकडे कपडा परत आलेला नाही. एक कोट सोडून. तो नवरदेव फुगला होता.

४ नोव्हेंबर

काळजी. एकतीसपैकी राजुरात नऊच जण. बाकी नाशिक, पुणे, ठाणे, एक तर वापीला. रामहरी म्हणतो, रविवारी बोलावून घेऊ, लाइनीत उभे करून मापं घ्या.

लाइनीत उभं करणं मला पटत नाही. टेपवरचे आकडे कंपनीने बारीक केले आहेत. त्यामुळे दोन वर्षांपासून टेप मी धरतो, आकडा मुमताज वाचते. कामाची वाटणी. पण एकतीस जणांसमोर बायकोने आकडे वाचायचे म्हणजे कोणीतरी विचारणार, चाचा का वाचत नाहीत. लोकांना नको ते विचारायची सवय असते. मग ते परवेझच्या कानावर जाणार.

दुसरा मार्ग काढला पाहिजे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मार्ग मिळाला. क्लाउड.

सूनबाई कैनातबरोबर तालुक्याला, अकोल्यात व्यापाऱ्यांच्या शिबिराला गेलो होतो. तिचं आमच्या शेजारच्याच गाळ्यात ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं सेंटर आहे. शिबिर फुकट, वर चहा-बिस्किट. बोलणाऱ्या साहेबाची कॉलर डावीकडे ओढलेली होती, त्यामुळे अर्धं भाषण तिकडे बघण्यात गेलं. उरलेल्या अर्ध्यात कळलं ते असं. आपली वही लांबच्या कोणाच्या तरी मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवायची, मग ती कुठूनही उघडते. म्हणजे वापीचा माणूस वापीतूनच माप भरणार. लाइन नको, टेप नको.

मी उभं राहून विचारलं, त्या कॉम्प्युटरला वाळवी लागते का. सगळे हसले. साहेबाने पुढचा विषय काढला. ही काळजी राहिली.

निघताना पत्रक दिलं. क्लाउडवर जाताना व्यापारी करतात त्या सात चुका. कैनातने एसटीत वाचून दाखवलं. रस्ता खराब, पाचच ऐकू आल्या. त्यांतली एकही मी करणाऱ्यातला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

ठरवलं. सगळं क्लाउडवर न्यायचं. १९७९ पासूनच्या मापांच्या चौदाच्या चौदा वह्या.

कैनात म्हणाली, "अब्बा, आधी ही एकतीस नावं तेवढी टाकू. चाललं तर बाकीचं बघू. पत्रकात पहिलीच चूक ती आहे, सगळं एकदम हलवणं." मी तिला समजावलं की मी एकदम हलवत नाही, रोज एक वही हलवतो. ती माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.

मुमताज वाचणार, कैनात टाइप करणार, मी देखरेख.

१३ नोव्हेंबर

चार वह्या झाल्या. बरीच मंडळी वारली आहेत. मुमताज मध्येच थांबते आणि म्हणते, यांच्या मयतीला तर तुम्ही गेला होता. कैनात विचारते, यांचं कशाला टाकायचं. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. शिवाय यांचं माप आता बदलण्याचा प्रश्नच नाही. माझ्याकडची सगळ्यात भरवशाची मापं तीच आहेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

एक गंमत. सोळा इंच दोन सूत हे माप मी वहीत १६-२ असं लिहितो. क्लाउडने त्याचं १६ फेब्रुवारी केलं. गळ्याच्या खान्यात सगळीकडे तारखा. मला वाटलं कपडा कधी द्यायचा ते क्लाउड स्वतःच सुचवतं. बरं वाटलं, फार घाईची तारीख नव्हती. कैनातला नाही बरं वाटलं. दोनशे ठिकाणी दुरुस्त करत बसली. जेवायलाही आली नाही.

नव्या पिढीला यंत्राने दिलेला सल्ला घेता येत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चौदा वह्या संपल्या. भंगारवाल्याला देऊन टाकल्या. जागा किती मोकळी झाली.

कैनात आली. "अब्बा, वह्या कुठं?"

"क्लाउडवर."

"त्या नाही. कागदाच्या."

सांगितलं. स्कूटीचं हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, जुनं लगेच टाकू नका असं पत्रकात होतं. असेल. ती सहावी असेल. ती खड्ड्यात ऐकू आली नाही.

२४ नोव्हेंबर

रामहरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. कैनातने विचारलं, त्यांना फक्त बघू द्यायचं का बदलू पण द्यायचं. मी म्हणालो, बदलू दे. घरची पोरं आहेत. प्रत्येकाने आपलं जुनं माप खोडून आताचं भरावं. आणि सगळ्यांना सगळ्यांचं दिसू दे. धंद्यात लपवाछपवी नको.

ती म्हणाली, "बघा हं."

बघणार आहेच. म्हणजे ती वाचून दाखवणार आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मापं आली. रामहरी कंबर ४४. पोल्ट्रीवाला गोरक्ष ४२. भिमाजी, जो नाशिकला एसटीत कंट्रोलर आहे, ४८. प्रामाणिक माणसं. भिमाजीच्या आकड्यासमोर कोणीतरी लिहिलं आहे, "एसटीचा टायर का रे?" खेळीमेळी आहे.

परवेझला मोबाईलवर दाखवलं. म्हणालो, अब्बा म्हातारे झाले म्हणतोस, हे बघ. तो म्हणाला, "चांगलं आहे. पण घालून बघितल्याशिवाय सांगू नका."

२८ नोव्हेंबर

रामहरी ४२. गोरक्ष ४०. भिमाजी ४४.

कैनात म्हणाली, "अब्बा, हे आकडे खाली येतायत."

लोकांना तब्येतीचं महत्त्व कळलं आहे. गेट-टुगेदरचं निमित्त. सकाळी चालायला जात असतील.

२ डिसेंबर, मंगळवार

लिंक कोणीतरी त्यांच्या बॅचच्या बायकांच्या ग्रुपवर टाकली. त्यांत धनश्रीताई आहेत. नाशिकला सिस्टर होत्या, वर्गात पहिला नंबर असायचा. त्यांनी दुपारी फक्त एक अंगठा टाकला.

संध्याकाळपर्यंत रामहरी ३६, गोरक्ष ३६, भिमाजी ३८. भिमाजीची छाती मात्र चार इंचांनी वाढली. अशी बांधणी मी पैलवानांतच पाहिली आहे.

कैनात म्हणते, एक जाकीट आधी शिवून भिमाजीकाकांना घालून बघा. मी नकार दिला. ट्रायल म्हणजे गिऱ्हाइकावर अविश्वास. आणि ट्रायल म्हटली की खुणा, खुणा म्हटल्या की टेप.

५ डिसेंबर

संगमनेरहून कापड आणलं. मोरपंखी. कंबरा उतरल्यामुळे पुष्कळ कमी लागलं. व्यापारी म्हणाला, "मास्तर, एकतीस जाकिटं येवढ्यात व्हत्यात व्हय?" मी म्हणालो, क्लाउड. त्याने बिल केलं.

शिवणीत दोन बोटं जादा कापड सोडायची माझी जुनी सवय होती. पुढेमागे माणूस सुटला तर उसवून मोकळं करता येतं. तेही यंदा बंद. माप माणसाने स्वतः भरल्यावर जादा कशाला.

९ डिसेंबर

रेंज नाही. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली म्हणे. तिसरा दिवस. मापं आहेत, पण दिसत नाहीत. कैनातने आधीच सांगितलं होतं की प्रिंट काढून ठेवू. मी म्हणालो होतो, प्रिंटच काढायची तर क्लाउड कशाला.

दुपारी तोडगा काढला. स्टँडमागच्या चढावर थोडी रेंज येते. तिथं कैनात मोबाईल घेऊन उभी राहिली, अर्ध्या वाटेवर मुमताज, दुकानात मी खडू घेऊन. कैनात ओरडायची, मुमताज तेच पुढे ओरडायची. बाजारचा दिवस होता. सगळ्या राजूरला भिमाजीची छाती कळली. एक कांदेवाला म्हणाला, "चाचा, येवढ्या छातीला येवढीच कंबर? मानूस हाय का डमरू?"

दहा जाकिटं कापून झाली.

१७ डिसेंबर, बुधवार

चोवीस शिवून झाली. कात्री माझ्या हाताला कळते, डोळ्यांचं त्यात फारसं काम नाही. मशीनच्या सुईत दोरा मुमताज ओवून देते, कारण तिला तेवढंच काम असतं. आज म्हणाली, "परवेझला सांगू या का?" मी म्हणालो, काय सांगायचं. ती म्हणाली, काही नाही. आणि दोरा ओवला.

२६ डिसेंबर

एकतीस तयार. इस्त्री करून हँगरला. मोरपंखी भिंत झाली आहे.

परवेझ अकोल्यात ज्या शोरूममध्ये कामाला आहे ती सुटल्यावर आला. एक जाकीट उचलून स्वतःच्या अंगाला लावलं. तो बारीक आहे. म्हणाला, "अब्बा, ही कोणाची? बॅचची, का बॅचच्या पोरांची?"

काटक पिढी आहे म्हणालो.

२८ डिसेंबर, रविवार, दुपारी चार

गेट-टुगेदर झालं. मला पहिल्या रांगेत बसवलं, शाल-नारळ दिलं.

सकाळी आठवीच्या वर्गात जाकिटं वाटली. सगळे आत गेले. बराच वेळ कोणी बाहेर येईना. आतून बाक सरकल्याचे आवाज. मग रामहरी बाहेर आला. बटणं उघडी. मागोमाग तीस जण, सगळ्यांची बटणं उघडी. रामहरी माईकवर म्हणाला, "आपल्या बॅचची ही ष्टाईल हाय. कोनीबी बटन लावायचं न्हाई."

धनश्रीताई खालून म्हणाल्या, "न्हाई लावायचं, का न्हाई लागत?"

बायका हसल्या. पुरुष पण हसले, पण जपून.

प्रार्थनेच्या वेळी भिमाजीचे हात जुळेनात. खांद्यात धरलं होतं. तो हात पुढे करून तसाच उभा, एसटीला हात दाखवतात तसा. गोरक्षने जेवताना जाकीट काढून खुर्चीला घातलं. खुर्चीला उत्तम बसलं.

मी प्रत्येकाला विचारलं, फिटिंग कसं. प्रत्येक जण आधी धनश्रीताईंकडे बघायचा आणि मग म्हणायचा, "झकास, चाचा."

एकतीस जाकिटं. एकही तक्रार नाही. परवेझला घरी येऊन सांगितलं. तो म्हणाला, आठवडाभर थांबू.

३१ डिसेंबर

रामहरी मागच्या दाराने आला. हातात पिशवी. "चाचा, पोरानं मशीनमधी धुतलं. आटलं." जाकिटाला अजून माझ्या इस्त्रीची घडी होती.

हे परत आलं असं म्हणता येणार नाही. पाणी लागून दुरुस्तीला आलं. मुमताजच्या लोखंडी पेटीत ठेवून दिलं.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

भिमाजीचं नाशिकच्या गाडीने आलं. कंडक्टर म्हणाला, कंट्रोलरसाहेबांनी सांगितलंय की उंदरानं शिवण उसवली. उंदीर दोन्ही बाजूंनी सारखाच चालला होता.

पेटीत आता नऊ. झाकण लागत नाही. परवेझने विचारलं यात काय, मुमताज म्हणाली, जुने कपडे.

मोकळं करायला शिवणीत कापड नाही. खरी मापं काढावी तर वह्या नाहीत. क्लाउडवर त्यांच्या जागी ज्याने त्याने आपापलं लिहिलं आहे. कैनात म्हणाली, क्लाउडवर आधी काय लिहिलं होतं तेही बघता येतं. आशा वाटली. तिने रामहरीचं काढलं. पहिल्या दिवशीच्या ४४ च्या आधी ४६ होतं. तेही चारच मिनिटं टिकलं.

कैनातने मोबाईल उलटा ठेवला. म्हणाली, "अब्बा, यात खरं माप कुठंच नाही."

माप घ्यावं लागणार.

४ जानेवारी, रविवार, संध्याकाळी सहा

एकाच दिवशी येतील हे मला कसं कळणार.

सकाळी साडेदहाला परवेझ दुकानात बसलेला. आधी रामहरी आला, म्हणाला सहज आलो. मग गोरक्ष, तोही सहज. मग आणखी चौघे. सगळे सहज, रामहरी सोडून सगळ्यांच्या काखेत पिशवी. कोणी कोणाच्या पिशवीकडे बघेना. शेवटी परवेझच म्हणाला, "काका, दाखवा आता."

पाच जाकिटं टेबलावर. मग मुमताज उठली आणि पेटी उघडली. तिला तसं करायची काही गरज नव्हती.

रामहरी म्हणाला, "चाचा, तुमची चूक न्हाई. आमीच लिवलं. आता तुमी सोता टेप लावा आन् काय असंल ते हुंद्या."

हात वर करून उभा राहिला. मुमताज पुढे सरकली. मी तिला डोळ्यांनी थांबवलं. परवेझ बघत होता. टेप गुंडाळली, अंगठ्याने दाबून धरली, आकडा बघितला. म्हणालो, "छत्तीस."

मग रामहरी हळू म्हणाला, "चाचा, छत्तीस म्या दहावीत बी नव्हतो."

गोरक्ष हसला आणि हसता हसता थांबला.

परवेझ उठला. माझ्या अंगठ्याखालीच बघितलं. "सेहेचाळीस," म्हणाला. टेप माझ्या हातातून घेतली, घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली. मग म्हणाला, "अब्बा, किती दिवसांपासून?"

कशाबद्दल विचारतो आहे हे मला कळलं नाही, असं मी दाखवलं.

ट्यूब जुनी आहे. दुकानात उजेड कमी पडतो.

८ जानेवारी, गुरुवार

संगमनेरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. दोन्हीकडे मोतीबिंदू. डावीकडे पडद्याचंही काही आहे, ती नजर परत येईलच असं नाही. उजवीकडचं ऑपरेशन करून बघू म्हणाले. चार वर्षांपूर्वी का नाही आलात, असं विचारलं. मी म्हणालो, धंद्यातून वेळ मिळाला नाही. परवेझ माझ्याकडे बघत होता. चहाचं काही बोलला नाही.

येताना एसटीत त्याने मला खिडकीची जागा दिली. बाहेर काय काय लागतंय ते सांगत होता. मला सगळं दिसतं असं त्याला दोनदा सांगितलं. तरी सांगत राहिला.

१३ जानेवारी

परत आलेली जाकिटं एकूण तेवीस. परवेझने अटीचा विषय काढला नाही. मीच काढला. म्हणालो, अटीत परत येणं असं होतं. धुतलेली, उंदराने कुरतडलेली, आटलेली वगळली तर परत आलेलं एकही नाही. तो म्हणाला, "बरं अब्बा."

मग म्हणाला, मोबाईलवाला एक तारखेपासून येतोय.

मुमताज तेवीस जाकिटांच्या बगलेत काळ्या कापडाच्या पट्ट्या जोडते आहे. आता ती मशीनवर बसते, मी पट्ट्या हातात देतो. कामाची वाटणी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

उजव्या डोळ्याला पट्टी आहे. डाव्याने लिहितो आहे, अक्षर मोठं येतं.

कैनातच्या सेंटरमध्ये आमची शाखा सुरू झाली. झेरॉक्स मशीन आणि भिंत यांच्यामध्ये एक शिलाई मशीन बसतं. बोर्डावर तिने खाली लिहून घेतलं, "रफू व आल्टर". नबीलाल टेलर्स लिहायला जागा नव्हती. मोठी जागा अडवून बसणं ही आठवी चूक. पत्रकात नव्हती. शिबिरवाल्यांना कळवायचं आहे.

आज शाखेचं पहिलं गिऱ्हाईक, रामहरी. विजारीची उंची कमी करायची होती. मी टेप घ्यायला उठलो. म्हणाला, "बसा चाचा, तरास नका घिऊ. मंडळीनं घरीच टाचन्या लावल्यात. तिथनं फकस्त दुमडायचं. आन् शिवायला चाचीलाच द्या."

मी पिशवी घेतली आणि मुमताजला दिली.

माप गिऱ्हाईक घरूनच करून आणतं, दुकानात फक्त शिवायचं. क्लाउड म्हणजे दुसरं काय असतं. पद्धत राजुरात रुजली आहे.